ठमाबाईच्या नावाचे चौकोन

पूर्वेच्या खिडकीतले ऊन आधी दुधाच्या कॅनच्या झाकणावर उतरते. तिथे जरा थांबते. मग ओल्या फरशीवरून सावकाश सरकत भिंतीशी येते आणि शेवटी माझ्या काचेवरच्या धुळीला हलकेच सोनेरी करते. मित्रांनो, बोरी बुद्रुकच्या दूध संकलन केंद्रातल्या फळीवर ठेवलेला मी एक जुना संगणक आहे.

माझे काम सोंगाचे होते. तालुक्याच्या गावी तारेने जोडलेले एक मोठे यंत्र होते. त्याच्याशी बोलण्यासाठी मी माझ्याहूनही जुन्या पडद्याचे सोंग घेई: काळी काच, हिरवी अक्षरे. दूध मापले की ते घालणाऱ्याचे नाव तिकडून इंग्रजीत येई आणि केंद्र चालवणारी उज्ज्वला ते वाचून दाखवी. "मशीन लई गुणाचं हाय," लोक म्हणत. मी सुखावे.

रोज दूध घालायला येणारी ठमाबाई म्हातारपणी आपले नाव वाचायला शिकली. तेवढेच. त्याच सुमारास मोठे यंत्र नावे मराठीत पाठवू लागले. ती पदर सावरून माझ्यापुढे उभी राहिली.

"उज्ज्वला, माजं नाव दाव."

माझ्या काचेवर रिकामे चौकोन उमटले.

"ह्ये माजं नाव?"

मागे रांगेत उभी असलेली लंकाबाई हसली. "आगं, माजंबी असंच हाय. सख्ख्या भैनी निघालो की आपुन!"

ठमाबाई हसली नाही. "मला येवढं एकच वाचता येतंय," ती हळूच म्हणाली, "आन् त्येच न्हाई."

"तारंत बिघाड असंल, मावशी. व्हईल नीट," उज्ज्वला म्हणाली.

मीही तेच धरून बसलो. ठमाबाई रोज किटली ठेवी, माझ्याकडे पाही आणि बोटाने हवेत 'ठ' गिरवी, जणू मलाच शिकवी. सगळी सोंगे आणता येतात. अक्षराचे आणता येत नाही.

पौषात ती आजारी पडली आणि गेली.

मग नवा संगणक आला. पहिल्याच सकाळी तिची सून दूध घेऊन आली. नोंद अजून सासूच्याच नावाची होती. सुनेने पडद्यावरचे नाव मोठ्याने वाचले, "ठमाबाई," आणि तोंडाला पदर लावला.

"तार नवी टाकली व्हय गं?" लंकाबाईने विचारले.

"न्हाई, मावशी. तीच हाय," उज्ज्वला म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या दारी असे एखादे गुणाचे यंत्र असेल, तर त्याच्यापुढे कोण ताटकळत उभे आहे तेही कधी पाहा. तिचे नाव त्या तारेतून रोज पूर्ण येत होते. माझ्याजवळ 'ठ' नव्हता.