पावणेदोनचा गुणक

डायनॅमिक्स म्हणजे वस्तू कशा आणि का हलतात याचं शास्त्र. जळगावबाहेर हायवेला लागून असलेल्या त्या कॉलेजात मात्र ते पुस्तकाच्या मागच्या पानापासून सुरू व्हायचं. आधी उत्तर बघायचं, मग गणित ढकलत ढकलत तिथपर्यंत न्यायचं. भूषण सर अठरा वर्षं हेच शिकवत होते आणि त्यांचा निकाल कायम उत्तम लागायचा. लागणारच, पेपर काढायचे तेच आणि तपासायचेही तेच.

संघमित्रा तायडेचं घोडं मात्र पेंड खात होतं. दोनदा नापास, दोन्ही वेळा तीन मार्कांनी. आता तिसऱ्यांदा विषय राहिला, की अख्खं वर्ष वाया. अडत होतं ते एकाच गणितापाशी, आणि ते सरांचं इतकं लाडकं की दर पेपरात सात मार्कांना हजर. वीस टनांचा डबा ताशी ५.४ किलोमीटरनं येतो, उभ्या असलेल्या दहा टनांच्या डब्याला धडकतो, दोघं जोडले जाऊन पुढे सरकतात. किती वेगानं? संघमित्राचं उत्तर दर वेळी ३.६ यायचं. पुस्तकाच्या मागे छापलं होतं ६.३.

छापणाऱ्यानं आकडे उलटे लावले असतील, अशी शंका छापील पुस्तकाबद्दल कोणी घ्यायची? सरांनी नाही घेतली. त्यांनी ३.६ ला पावणेदोननं गुणलं, बरोबर ६.३ आलं, आणि त्या पावणेदोनला ‘कपलिंग फॅक्टर’ असं भारदस्त नाव देऊन टाकलं. अठरा बॅचेस तो फॅक्टर पाठ करून इंजिनिअर झाल्या. त्यांनी बांधलेल्या पुलांवरून आपण रोज सुखरूप जातो, हे आपलं नशीब.

"सर, येणारा डबाच ५.४ नं येतोय. धडकल्यावर दोघं मिळून त्याहून जोरात कसे जातील?" तिनं एकदा विचारलं होतं.

"पुस्तक लिहिणारे पीएचडी आहेत, मॅडम," सर म्हणाले. "तुमचे वडील काय करतात?"

"भुसावळच्या यार्डात शंटिंगला आहेत. डबे जोडतात."

वर्ग पोट धरून हसला.

परीक्षेच्या आदल्या रविवारी तिनं ते गणित वडिलांनाच वाचून दाखवलं. भिकनराव असे हसले, की बशीतला चहा सांडला.

"अशी गाडी असती तं रेल्वेनं इंजिनं भंगारात इकली असती ना! डबा डब्याले धडकला, की दोघं ढिले पडतात. चारच्या आतच राहीन तो वेग."

बोलताना त्यांनी डावा हात हलवला. त्या हाताला तीनच बोटं. वीस वर्षांपूर्वी कपलिंग जोडताना डबा सांगितल्यापेक्षा जोरात आला आणि उरलेली दोन रेल्वेकडे जमा झाली.

कागद-पेन न घेता बाबा उत्तराच्या इतक्या जवळ गेले, याचा संघमित्राला केवढा आनंद झाला! तिनं ठरवलं, या वेळीही ३.६ च लिहायचं. पेपर हातात पडेपर्यंत ते पक्कं ठरलेलं होतं.

चौथ्याच प्रश्नाला तो डबा आला. तिनं ३.६ काढलं. मग ते तीन मार्क आठवले, जाणारं वर्ष आठवलं, आणि तिनं निमूटपणे खाली लिहिलं: कपलिंग फॅक्टर १.७५, उत्तर ६.३. त्याखाली दोन रेघाही मारल्या, सरांना आवडतात तशा.

सातपैकी सात मिळाले. ती पास झाली. भूषण सरांनी भर वर्गात तिची उत्तरपत्रिका उंच धरली. "बघा, समजून घेतलं की डायनॅमिक्स किती सोपं आहे!"

घरी भिकनरावांनी पेढ्यांचा पुडा आणून ठेवलाच होता. एक तिच्या तोंडात घातला आणि हसत विचारलं, "मंग, तो डबा कितीनं गेला?"

खोटं बोलता आलं असतं. पण पेढा भरवणारा हात डावा होता.

"सहा पॉइंट तीन," ती म्हणाली. शरमेनं तिला मान वर करवेना.

भिकनराव रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पुड्याला सावकाश दोरा गुंडाळला.

"पास झाली ना? झालं मंग," ते म्हणाले. "फक्त यार्डात नोकरी धरू नको, माय. डब्यांच्या मधी मानूस उभा राहतो."