व्याह्यांची गॅसवरची गाडी

उस्तादांचं गॅरेज घराच्या पुढच्या अंगाला होतं, आणि गॅसवरच्या जुन्या गाड्या जुळवण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. इंजिन कानाने ऐकायचं, गळती नाकाने पकडायची. दुसरे मेकॅनिक सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघत बसत. उस्ताद म्हणत, साबण आंघोळीला असतो. मग एका हिवाळ्यात त्यांना ताप आला, आणि उतरताना नाकातला वासच घेऊन गेला.

हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. एकदा नासलेलं दूध गटागटा प्यायले तेव्हा बायको बघतच राहिली. लक्ष नव्हतं म्हणत त्यांनी वेळ मारून नेली. गॅरेजात कुणी नसलं की ते गुपचूप फेस लावत, आणि पाऊल वाजलं की डबा बाकाखाली सरकवत.

त्या दुपारी व्याही आले. पोरगी माहेरी आली होती, तिला न्यायचं होतं आणि गाडीही दाखवायची होती. गाडी जुनी, कार्बुरेटरची, पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणारी. पेट्रोलवर अगदी गुणी बाळ. गॅसवर घातली की चढाला खोकायची आणि सिग्नलला मान टाकायची.

उस्तादांनी प्लगची फट थोडी कमी केली, टायमिंग जरा पुढे घेतलं, एअर फिल्टर झटकला. तरी इंजिन मोकळं होईना, तेव्हा रेड्युसर उतरवला. टाकीतल्या पातळ गॅसची या डब्यात वाफ होते आणि मग ती इंजिनाला मिळते. आत काळा चिकटा साचला होता. तो काढून डबा परत बसवला, तांब्याची नळी आवळली, आणि गॅसचा स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवत राहिले. शेवटी इंजिन एका लयीत घुमू लागलं.

आता फेस लावायची वेळ होती. पण व्याही खुर्ची ओढून शेजारीच बसले होते, आणि आमच्या व्याह्यांच्या नाकापुढे यंत्र हरेल असं चारचौघांत सांगणारा तो माणूस. उस्तादांचा हात बाकाखाली गेला आणि रिकामाच वर आला.

पोरगी मागे बसली आणि लगेच म्हणाली, "बाबा, गॅसचा वास येतोय."

व्याह्यांनी उस्तादांकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा. तुमचं नाक काय म्हणतंय?"

उस्ताद इंजिनावर वाकले आणि खोल श्वास घेतला. आत गेली ती नुसती हवा. पोरगी गरोदर होती. ते हसून म्हणाले, या दिवसांत कशाचेही वास येतात, आणि काम केल्यावर गॅसचा थोडा राहतोच, वाऱ्याने जाईल. पोरीने काच खाली करून तोंड बाहेर वळवलं. गाडी गेली.

थोड्या वेळाने बायको पोरीचा विसरलेला फोन घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो, केवढा गॅस कोंडलाय इथे. तुम्ही आत बसलात कसे?"

वास गाडी उभी होती तिथल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यातून येतोय, असं ती नाक दाबून सांगत होती. म्हणजे नळीचा सांधा. इंजिन बंद केलं तरी तिथून गॅस झिरपतच राहणार. आणि व्याह्यांची गाडी राहायची घराखालच्या खोलीत, जिची दारं लावली की वाऱ्याला फट नाही. व्याही गाडी चालवताना फोन उचलत नसत. उस्तादांनी किती वेळा लावला, नुसता वाजत राहिला. त्यांनी स्कूटर काढली. प्रत्येक वळणावर वाटत होतं, पुढे माणसं जमलेली दिसतील.

व्याह्यांच्या घरापाशी सगळं शांत होतं. खोलीची दारं लावलेली. जावई नुकताच कामावरून आला होता आणि गाडी कशी झाली ते बघायला बापाबरोबर खाली उतरला होता. आतला दिवा लावायला त्याने बाहेरच्या बोर्डाकडे हात नेला होता.

"बटणाला हात लावू नका," उस्ताद म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की दोघंही वळून बघत राहिले.

त्यांनी घरातल्या बाकीच्यांना रस्त्यापलीकडे जायला लावलं आणि लाकडी दारांची दोन्ही पानं हलकेच ढकलली. जावई खोकत मागे सरला. व्याह्यांनी तोंडावर रुमाल धरला. उस्ताद उंबऱ्यावर होते तिथेच उभे राहिले.

आत जाऊन टाकीची चावी बंद करायची होती, पण हवा मोकळी झाल्याशिवाय नाही. ती कधी झाली, हे त्यांना कळणार नव्हतं.

"गेला का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"अजून आहे," व्याही म्हणाले.

थोडं थांबून त्यांनी पुन्हा विचारलं. मग पुन्हा. तोवर व्याह्यांनी रुमाल खाली घेतला होता आणि शेजारी येऊन ते उस्तादांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"तुम्हाला येत नाही," ते म्हणाले. "दुपारीही आला नव्हता."

उस्तादांनी मान डोलावली. रस्त्यापलीकडे पोरगी पोटावर हात ठेवून उभी होती. ती ऐकत होती, पण जागची हलली नाही.

"गेला का, तेवढं सांगा," उस्ताद म्हणाले.