लाल झालेलं फडकं

या मंडळी, जरा सरकून जवळ बसा. देवाचं नाव आपण रोजच घेतो. आज एक गोष्ट सांगतो. तिच्यात देव कमी आणि मार जास्त आहे.

इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाच्या काचेला माणसं नाकं लावून उभी होती. आत एक शिंपीण. मेंदूला सूज आली, झटक्यावर झटके आले, तेव्हा सलाईनमधून झटक्यांचं औषध सुरू झालं. झटके थांबले, पण पाचव्या दिवसापासून बाई भलतंच बरळू लागली. नर्सच्या हाताला चावली, नळी उपटली, सख्ख्या भावाच्या छातीत लाथ घातली.

भाऊ हमाल, पोती उचलणारा गडी, पण हादरला. भेटीच्या वेळेत ‘मामा आहेत’ सांगून त्याने भूत उतरवणाऱ्या साखळीबाबाला आत आणलं.

बाबाने पिवळ्या फडक्यावर पाणी शिंपडलं आणि ते तळहाताने तिच्या कपाळावर दाबलं. उचललं, तर लालभडक. काचेबाहेर सगळ्यांचे हात जोडले गेले.

"हे आतलीचं रक्त," बाबा म्हणाला. "सातजणी आहेत हिच्यात. सहा माझ्या ओळखीच्या, सातवी नवीन दिसते."

"मग काय करू, महाराज?"

"सख्ख्या हातचा मार. घे साखळी."

पहिला फटका खाटेच्या दांडीवर बसला, दुसरा तिच्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. तिसऱ्याला मोठ्या सिस्टर मध्ये घुसल्या. तो त्यांच्या खांद्यावर बसला. त्यांनी साखळी तशीच धरून ठेवली.

"सोड. बहीण आहे तुझी."

"ही बहीण नाही, सिस्टर. कागद आणा, सही करतो. घरी नेऊन अकरा फटके द्यायचेत."

"नेलंस तर वाटेतच जाईल ती. आणि आधी हे बघ."

सिस्टरनी बाबाच्या झोळीतलं दुसरं पिवळं फडकं ओढलं आणि बेसिनवरचा साबण त्याला चोळला. तेही लाल झालं.

"आता या साबणाला कोणी झपाटलंय? हळदीत बुडवलंय हे. सदऱ्यावर भाजी सांडली आणि साबण लावला की डाग लाल होतो, तुझ्या घरी होत नाही का? त्याचा तळहात बघ."

बाबाने हात पाठीमागे नेला. भावाने तो पिरगाळून पुढे आणला. तळव्यावर चुन्याचे पापुद्रे होते; हळदीला चुनाही साबणासारखाच लाल करतो. पुढच्या क्षणी बाबाचे दोन दात फरशीवर पडले.

"पुरे," सिस्टर म्हणाल्या. "मारून कोणातलं काही निघत नाही. याच्यातलंही निघणार नाही."

"मग ती अशी का वागते?"

हाच प्रश्न सिस्टरनी डॉक्टरबाईंपुढे ठेवला: झटक्यांच्या औषधाचा डोस वाढवला तेव्हापासून ही बिघडत गेली आहे, औषधाचंच तर नाही ना? रक्ताची नळी बर्फात ठेवून धावत प्रयोगशाळेत नेली. रक्तातला अमोनिया नेहमीच्या चौपट निघाला.

डॉक्टरबाईंनी भावाला बसवलं. "या औषधाने झटके थांबतात, पण काहींच्या रक्तात अमोनिया साचतो आणि तो मेंदूला भोवतो. ती हातपाय झाडायची, आम्ही ते झटके समजून डोस वाढवायचो. डोस वाढला की ती आणखी झाडायची. हे रक्त आधीच तपासायला हवं होतं. चूक आमची."

ते औषध थांबवून दुसरं सुरू केलं. तिसऱ्या दिवशी शिंपीण शुद्धीवर आली. प्लास्टरकडे बघत राहिली.

"दादा, माझा कात्री धरायचा हात. कोणी मोडला?"

"मी."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं.

मंडळी, कीर्तनात डोळे भरून येतात तो देव मलाही प्यारा आहे. त्याला साखळी लागत नाही. आजारी माणूस एकाएकी बदललं, तर आधी डॉक्टरांना गाठा. नवं औषध कोणतं, डोस कधी वाढला, रक्त तपासलं का, हे न लाजता विचारा. औषध मात्र मनाने बंद करू नका, झटके परत येतात. आणि आज हात जोडाल, तेव्हा मोठ्या सिस्टरांची आठवण ठेवा. त्यांचा तो खांदा अजून वर होत नाही.