कोरड्या डोक्याची लाट

"सीया, लाटेवर उभं राहायचं म्हणजे ती आंघोळ धरायची की खेळ?"

प्रश्न विचारून इमाशाने ओठ घट्ट मिटले, कारण मागे कुंपणाआड गावातल्या नेत्मी आणि थिलिनी खुसखुसत होत्या आणि त्यांच्या नादाने तिलाही हसू फुटलं असतं तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. पैज त्यांनीच लावली होती. 'गुणतिलक सीयाला विचारून दाखव! नुसती तोंडाची वाफ दवडतेस तू, डोंगरवाली!' म्हणजे आता विचारणं भागच होतं. मागच्या वर्षीची इमाशा असती तर चपला हातात घेऊन पळाली असती. पण यंदा दहावीची परीक्षा होऊन गेली होती, निकाल अजून लांब होता, आणि या मधल्या दिवसांत तिला एक शोध लागला होता. माणसांना काहीही विचारलं तरी ती खात नाहीत.

गुणतिलक सीया म्हणजे समुद्रकाठच्या मादूवेल्ल गावचे जुने हेडमास्तर, सगळ्यांचेच आजोबा. नव्या वर्षाची चूल कितीला पेटवायची, पहिला घास कुठल्या दिशेला तोंड करून घ्यायचा, सगळं गाव त्यांना विचारून करायचं. ते ओसरीवर पंचांग मांडीवर घेऊन बसले होते.

"तू कुणाची गं?"

"पद्माची. बंडारवेलाहून आलोय आम्ही. सोमलता लोकु अम्माकडे उतरलोय."

"तरीच. तुझी आईही असलेच प्रश्न विचारायची. मी तिला बाकावर उभी करायचो."

"मला लाटेवर उभं राहायचंय, सीया. बाक चालणार नाही."

कुंपण जोरात हललं. सीयांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. प्रश्न पोरकट वाटला तरी अडचण खरी होती. आज तेरा एप्रिल, जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी जुन्या वर्षाची आंघोळ, औषधी पाला घालून. त्यानंतर सोळा तारखेला डोक्यावर तेल घालेपर्यंत डोकं भिजवायचं नाही. सतरा तारखेला, कामाला निघायच्या मुहूर्तावर, थात्ता, म्हणजे तिचे वडील, सगळ्यांना गाडीत घालून परत डोंगरात नेणार. दहा दिवसांच्या सुट्टीतले सात दिवस इमाशा सर्फिंगच्या बोर्डवरून पडण्यात घालवून बसली होती. गुडघ्यापर्यंत मजल गेली होती, पायांवर एकदाही नाही. उरला होता उद्याचा दिवस. सकाळी पावणेआठपासून रात्री साडेआठपर्यंत नोनगत होतं. जुनं वर्ष गेलेलं, नवं अजून आलेलं नाही. त्या वेळात चूल नाही, जेवण नाही, काम नाही. देवळात जावं, नाहीतर खेळावं. म्हणजे हा खेळ ठरला तर उद्याचा दिवस तिचा. आंघोळ ठरली तर संपलंच.

"डोकं भिजलं," सीया सावकाश म्हणाले, "की आंघोळ. डोकं कोरडं राहिलं, की खेळ."

"अय्यो!" कुंपणातून नेत्मीचा आवाज आला. "ही तर बोर्डकडे नुसतं बघूनसुद्धा पडते!"

रात्री ओल्या केसांना पाल्याचा वास येत असताना इमाशाने तो निवाडा घरात जसाच्या तसा सांगितला. अम्मा तळलेल्या कुरकुरीत कोकीसचे डबे पुन्हा पुन्हा मोजत होती, जणू रात्रीतून त्यांना पाय फुटणार होते.

"काही नको," ती म्हणाली. "आधीच कोळशासारखी झालीयेस. शाळेत तुला ओळखतील तरी का? आणि निकाल यायचाय. वर्षाच्या सांध्यावर डोकं भिजलं की वर्षभर दुखणं आणि अपयश. माझी आई सांगायची."

"भिजणारच नाही ना पण!"

थात्ता बंडारवेलाच्या टपाल कचेरीत होते. भांडण असो की भाजी, ते तोलून मापून घ्यायचे. त्यांनी पंखा स्वतःकडे वळवला. "असं करू. ऑगस्टच्या सुट्टीत रुवंथीकडे महिनाभर राहायचं म्हणून गेले सात दिवस माझा कान खातेयस ना? उद्या जा. डोकं कोरडं घेऊन आलीस तर ऑगस्ट तुझा. भिजवून आलीस तर ऑगस्टचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" इमाशा इतक्या जोरात ओरडली की अम्माची मोजदाद चुकली.

रुवंथी म्हणजे लोकु अम्माची, इमाशाच्या थोरल्या मावशीची, मुलगी. वय चोवीस. दिवसभर परदेशी पाहुण्यांना लाटेवर उभं करायची आणि संध्याकाळी गावच्या सात-आठ पोरींना फुकट शिकवायची. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "काका," ती म्हणाली, "कोरड्या डोक्याने शिकलेला माणूस मी अजून पाहिला नाही."

"म्हणून तर पैज लावली," थात्ता म्हणाले.

सकाळी पावणेआठला लोकु अम्माने चुलीतली शेवटची राख काढली आणि चूल शेणाने सारवून टाकली. त्यानंतर गाव हळूहळू गप्प झालं. कुठल्याच छपरावर धूर नव्हता. नारळ फोडल्याचा आवाज नाही, होडीच्या इंजिनाची धडधड नाही. सगळ्या होड्या वाळूवर ओढून, कुशीवर निजवलेल्या. तिन्हीसांजेला असतात तशा बायका सावलीत बसल्या होत्या, पण ऊन तर डोक्यावर होतं. वडाला बांधलेला झोका कुणीही न बसता हलत होता. घड्याळ चालू असेल, पण त्याच्याकडे बघायचं कुणालाच कारण नव्हतं.

इमाशाचं पोट रिकामं होतं आणि त्यामुळे अंग हलकं, कागदाचं झाल्यासारखं. रुवंथी अक्काने तिची वेणी घालून डोक्यावर उंच बांधली आणि वर स्वतःचा लाल रुमाल आवळला.

"मान अशी ताठ ठेवायची. डोक्यावर घागर आहे समज."

"अक्का, मला घागरसुद्धा घेता येत नाही."

"मग आज दोन्ही शीक."

खडकाजवळून होड्यांची वाट होती. तिथे लाट फुटत नसे. अक्का पाण्यात पोहत दोन्ही बोर्ड ओढत होती आणि इमाशा एकावर राणीसारखी मांडी घालून बसली होती. तिची वेणी कोरडी, खांदे कोरडे, नुसते पाय ओले. काठावर नेत्मी आणि थिलिनी हात जोडून तिला नमस्कार करत होत्या, टर उडवायला.

लाटांच्या पलीकडे गेल्यावर अक्काही आपल्या बोर्डवर चढली, आणि दोघी नुसत्या बसून राहिल्या.

इथे पाण्याला आवाज नव्हता. ते वर उचलायचं, खाली ठेवायचं, पुन्हा उचलायचं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं. काठावर बायकांनी रबान काढला होता. त्या मोठ्या डफाभोवती गोल बसून त्या बडवत होत्या, आणि पाण्यावरून यायला वेळ लागत असल्याने हात आधी दिसायचे, आवाज मागून यायचा. खाली वाळूपर्यंत स्वच्छ दिसत होतं. बोर्डची लांबट सावली तळाशी पडली होती आणि एक पट्ट्यापट्ट्यांचा मासा त्या सावलीत येऊन थांबला होता, जसं उन्हातून आलेलं माणूस पारावर थांबतं. इमाशाला वाटलं, आपण कुठल्याच वर्षात नाही आहोत. परीक्षा मागच्या वर्षात राहिली, निकाल पुढच्या वर्षात आहे, आणि मध्ये हे एवढंच निळं पडलंय, कुणाच्याही नावावर नसलेलं.

एक लाट आली, खालून गेली. दुसरी आली, तीही गेली.

"घ्यायची नाही का?" अक्काने विचारलं.

"चांगली येऊ दे."

"आतापर्यंत अकरा चांगल्या गेल्या."

इमाशाने बोर्डच्या कडा घट्ट धरल्या. लाट आली की तिच्या मानेत काठी उभी राहायची. ऑगस्ट, ऑगस्ट, ऑगस्ट. महिनाभर हे पाणी. पडले तर गेलं. मग अजून एक सोडू या.

किती वेळ गेला कोण जाणे. कोकीळ दोनदा ओरडून थकला. मग मागे वळून बघताना तिला एक बुटकी, गुळगुळीत, घाईत नसलेली लाट दिसली. अक्का म्हणाली, "हात मार!" आणि तिने मारले. बोर्ड पुढे सरकला, कुणीतरी मागून अलगद ढकलल्यासारखा. दोन्ही तळवे टेकवले, गुडघा, पाऊल, दुसरं पाऊल.

ती उभी होती!

पोरींची किंचाळी तिला ऐकू आली. रबान थांबला. लाट तिला घेऊन निघाली, सरळ, गुळगुळीत, थेट काठापर्यंत, आणि बोर्ड वाळूला लागला तेव्हा ती चक्क पायरी उतरावी तशी खाली उतरली. रुमालाचं टोकसुद्धा भिजलं नव्हतं.

"ऑगस्ट!" नेत्मीने तिच्या गळ्यात हात टाकले. "ऑगस्टभर तू इथे! सीयाला सांगू या, खेळच होता म्हणून!"

"कसं वाटलं? सांग ना, कसं वाटलं?" थिलिनी तिचा दंड हलवत होती.

इमाशाने तोंड उघडलं. आणि तिच्या लक्षात आलं की सांगायला काहीच नाही. तिला आठवत होती ती मान. रुमालाची गाठ. काठावरचं ते नारळाचं झाड, ज्याच्यावर नजर खिळवून ती आली होती. लाट तिच्या पायाखालून आली होती, पण तिला ती भेटलीच नव्हती. भरलेली घागर जपत घरी यावं आणि वाटेत कोण भेटलं ते आठवू नये, तसं झालं होतं. सात दिवस पडताना निदान नाकातोंडात समुद्र तरी गेला होता.

"मी परत जाते," ती म्हणाली.

"कुठे? वेड लागलंय? जिंकलीस ना!"

"हो, जिंकले."

तिने रुमाल सोडला, नेत्मीच्या हातात दिला, वेणीही सोडली. मग बोर्ड उचलून निघाली. आता होड्यांची वाट नव्हती, सरळ लाटांमधूनच. पहिली फुटलेली लाट तोंडावर आदळली आणि कपाळावरून, केसांतून, कानांमागून गार पाणी उतरत गेलं. तिला मोठ्याने हसू आलं. झालं! गेला ऑगस्ट! असं म्हणून ती अजूनच जोरात हात मारू लागली.

दुसरी लाट मोठी होती. तिने ती निवडलीही नाही, समोर आली तशी घेतली. उभी राहिली तेव्हा तिने झाडाकडे नाही, पायांकडेही नाही, लाटेकडेच बघितलं. उजवीकडे पाण्याची एक भिंत उठत होती, तिच्यातून ऊन आरपार येत होतं, हिरवं, काचेच्या बरणीतून यावं तसं. इमाशाने हात लांब केला आणि भिंतीला बोटं लावली. बोटांनी पाण्यात एक रेघ ओढली, आणि ती रेघ तिच्यासोबत धावत राहिली. एवढंच झालं. पण ते खूप वेळ झालं.

मग पडली. धाडकन. खाली सगळं पांढरं, मऊ, फिरणारं. वर कुठे, खाली कुठे कळेना, आणि घाईही वाटेना. वाळू धुरासारखी उडाली होती. केस तिच्याभोवती सावकाश पसरले, आणि रबान पुन्हा सुरू झालेला तिला पाण्याखालून ऐकू आला, अगदी आपल्याच छातीतून येत असल्यासारखा.

ती वर आली तेव्हा रुवंथी अक्का शेजारी होती. ती रागावली नव्हती, पण तिचा चेहरा गंभीर झाला होता.

"ऐक. तासभर उन्हात बस. केस वाळतील. मी रुमाल बांधून देते. काकांना पडवीतून काही दिसलं नसेल, ते कवड्यांची पंची खेळतायत. पोरी बोलणार नाहीत."

"आणि ऑगस्ट?"

"तुझाच."

इमाशाने खरंच विचार केला. दहा-बारा लाटा येऊन गेल्या तेवढा वेळ. महिना केवढा मोठा दिसत होता! एकतीस सकाळी. पण त्या एकतीस सकाळी पाण्यात उतरताना प्रत्येक वेळी तो कोरडा रुमाल डोक्यावर असणार, हेही तिला दिसलं.

"नको गं अक्का," ती म्हणाली. "थात्तांशी पैज लावली होती. ती हरल्येय मी. नीट हरते."

लोकु अम्माच्या पडवीत सगळे गोल बसले होते. थात्ता नारळाच्या करवंटीत कवड्या खुळखुळवत होते. इमाशा उंबऱ्यापाशी उभी राहिली. केसांतून पाणी टपटपत होतं, सारवलेल्या जमिनीवर काळे ठिपके पडत होते. अम्माचा हात तोंडाशी गेला.

"भिजवलंस!"

"हो अम्मा."

"पडलीस?" थात्तांनी विचारलं. कवड्या करवंटीतच राहिल्या.

"आधी नाही पडले. कोरडी आले होते काठापर्यंत, नेत्मीला विचारा. मग पुन्हा गेले. आपण होऊन गेले."

"कशाला?" अम्माचा आवाज रडवेला झाला. "वर्षाच्या सांध्यावर, इमा? निकाल यायचाय गं! आता गप्प आत जा, पूस ते. नोनगतात काही बोलू नये, काही ठरवू नये."

"ठरवून झालंय, अम्मा." तिने कपाळावरचे ओले केस मागे सारले. "थात्ता, ऑगस्ट मी मागणार नाही. पैज पैज असते. सोळाला मी सगळ्यांच्या आधी पाटावर बसेन, सीया घालतील तेवढं तेल घालून घेईन, तुम्हा दोघांच्या पाया पडेन. पण उद्या सकाळी मी समुद्रात जाणार आहे, आणि परवाही. सतराला गाडी सुटेपर्यंत रोज. डोक्यासकट."