मुन्नालाल महाराजांचा पिवळा दोरा

शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आमगावहून आलेल्या मुन्नालाल महाराजांनी हळदीचा पिवळा दोरा उंच धरला, पितळी लोट्यात बुडवला आणि बाहेर काढला तर काय, दोरा लालभडक! "अगं माय!" म्हणत बायांनी हात जोडले.

"देखो! लोटे में वही जहर है जो कल आसमान से गिरेगा," महाराज गरजले. "धागे ने पी लिया! जिसके हाथ में ये धागा, उसको हेलिकॉप्टर भी नमस्कार करेगा!"

हेलिकॉप्टर नमस्कार कसा करतं, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. दक्षिणा ठेवायचं मात्र सगळ्यांना बरोबर सुचलं.

त्या पावसाळ्यात, २००६ साली, सागवानाला अळी लागली होती. पानांच्या नुसत्या जाळ्या उरल्या होत्या, म्हणून उद्या सकाळी हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार होते. वनखात्याची जीप तीन दिवस भोंगा वाजवत फिरली : जंगलात जाऊ नका, विहिरी झाका, ढोरं बांधून ठेवा. पण दोरा मिळाल्यावर भोंग्याचं ऐकतो कोण?

सत्यभामेनंही तीन दोरे घेतले. तिचा नवरा पतिराम उद्याही ढोरं घेऊन जंगलात जाणार होता, आणि नऊ वर्षांची भाग्यश्री वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणायला त्याच्यासोबत.

घरी आल्यावर सत्यभामा पोरीच्या मुरगळलेल्या मनगटाला लेप लावायला बसली. वाटीत हळद घेतली, चुना कालवला. लेप नेहमीसारखा लाल झाला. चुन्याचं बोट मनगटावरच्या दोऱ्याला लागलं, तिथं लाल डाग उठला.

"माय, दोरा जहर प्यायला व!" पोर ओरडली.

कुठलं जहर? हेलिकॉप्टर तर अजून आलंच नव्हतं. "अवं, हे तं मी जलमभर पाहून राहिली!" सत्यभामा म्हणाली. गावात असं एक घर नव्हतं, जिथं मुरगळीवर हळद-चुना लागत नाही. आणि पटांगणात एकीलाही ओळखू आलं नाही! तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं लोट्यात चुना कालवला, गाळ बसू दिला आणि वरची निवळी दुसऱ्या भांड्यात ओतली. नितळ पाणी. आपल्या हातचा दोरा त्यात बुडवला. लाल!

भांडं आणि पोरीला घेऊन ती तशीच पटांगणात गेली. महाराजांचं दोरे वाटणं अजून चालूच होतं. "महाराज, तुमचं जहर माह्या घरी बी आहे," म्हणाली, आणि सगळ्यांसमोर भाग्यश्रीचाही दोरा बुडवला.

उपकेंद्राच्या नर्स सुलोचनाबाई पुढं आल्या. "हळदीला चुना लागला की रंग बदलतो, एवढंच आहे हे. उद्याचं औषध डोळ्यांत जाईल, श्वासात जाईल. दोरा काय अडवेल?"

"औरत की श्रद्धा कच्ची है," म्हणत महाराजांनी झोळी उचलली. आमगावची शेवटची गाडी त्यांना एकदम आठवली.

पण पतिराम आतून उकळत होता. साऱ्या गावासमोर बायको बोलली! सकाळी गाव दारं लावून बसलं, तेव्हा त्यानं आपल्या चार गाई सोडल्या.

"नोका जाऊ ना जी," सत्यभामा रडकुंडीला आली.

"दोरा आहे मले. अक्कल कायले शिकवतेस?"

तिनं भाग्यश्रीला घट्ट धरून दाराला कडी लावली. थोड्याच वेळात कौलांवरून घरघर गेली. पुढचे दोन तास तिला दोन युगांसारखे गेले.

नऊच्या सुमारास दोन वनमजुरांनी पतिरामला धरून आणलं. खोकला थांबत नव्हता, ओकाऱ्या होत होत्या, डोळे उघडत नव्हते. सुलोचनाबाईंनी त्याचे भिजलेले कपडे काढायला लावले, अंग धुतलं, स्वच्छ पाण्यानं डोळे कितीतरी वेळ धुतले आणि दवाखान्यात न्यायला त्याला वनखात्याच्या जीपमध्ये घातलं.

जीपमध्ये सत्यभामेची नजर त्याच्या मनगटावर गेली. दोरा औषधात चिंब भिजून निघाला होता. खरं जहर अंगावर पडलं होतं, आणि दोरा पिवळाच होता. लाल झाले होते ते डोळे.

तिनं तो हिसडून तोडला आणि जीपभोवती जमलेल्यांसमोर धरला.

"पाहून घ्या गा सगळे. महाराजाले कोणीच काई इचारलं नाही, मी बी नाही. आता तरी इचारत जा. जे आपल्या वाटीत रोज पाहता, ते दुसऱ्याच्या लोट्यात दिसलं तं ओळखत जा."