हवेच्या रजईखाली

मी थंडीच्या धुरक्यातला एक कण बोलतोय. ज्या आईचा काल रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तिच्या काळजीला थोडाफार मीही कारण आहे.

केसाच्या जाडीत माझ्यासारखे शंभरेक जण शेजारी शेजारी मावतील. एकटा मी दिसतही नाही, पण आम्ही सगळे जमलो की समोरची इमारत गायब.

लोक मला धूळ समजतात. पण माझा जन्म दोन वायूंमधून झाला. एक गाड्यांच्या धुरातून निघाला आणि वाटेत त्याचं आम्ल झालं. दुसरा, नाकाला झोंबणारा अमोनिया, गोठ्यांवरून आणि खत टाकलेल्या शेतांवरून आला. उन्हाळ्यात हे दोघे एकमेकांना फारशी ओळख देत नाहीत. गारठा पडला की जुळतं, आणि माझ्यासारखा क्षाराचा कण तयार होतो.

काल संध्याकाळपासून मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर लोंबकळत होतो. वाराच नाही, जाणार कुठे? आत एक आई, तिची चार वर्षांची पिटू आणि पिटूचा खोकला. औषध संपत आलं तरी खोकला वाढतोच कसा, आपण काही विसरतोय की काही जास्तच करतोय, हेच आईच्या डोक्यात रात्रभर.

तरी सहाच्या ठोक्याला ती उठली, रोजच्यासारख्या खिडक्या सताड उघडल्या, पिटूच्या अंगावरची रजई ओढून काढली आणि तिला खिडकीशी उभं केलं.

"घे श्वास. सोड. ताजी हवा आहे. दहा वेळा."

पाचव्या श्वासाला मी पिटूच्या नाकाजवळून निसटून खोलीत आलो. माझे भाऊबंद निसटले नाहीत.

दहा झाल्यावर पिटू पुन्हा अंथरुणात शिरली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या बाई इस्त्री परत द्यायला आल्या.

"अगं, एवढ्या सकाळी खिडक्या उघड्या?"

"पोरीला ताजी हवा नको का?"

"ताजी कसली, कालचीच आहे. वर उबदार हवेचा थर बसलाय, रजईसारखा. खालची गार हवा जड, ती वर जात नाही. रात्रभर जे सुटलं ते सगळं रजईखाली. ऊन चढून जमीन तापली की रजई उघडते. खिडक्या तेव्हा उघड, दुपारी."

"दुपारी तर मी बंद करते. रस्त्यावर गाड्या दिसतात ना." आई खुर्चीत बसली. "म्हणजे रोज सकाळी मीच तिला... तेही मोजून दहा."

"मी रोज खालून तुझं 'घे, सोड' ऐकते. मला वाटायचं, व्यायाम चाललाय."

आईने एकेक खिडकी लावली. स्वयंपाकघरात पाणी उकळतंय, खोली उबदार होतेय. उबेपुढे माझं काही चालत नाही. मी सुटा होतोय, पुन्हा दोन वायू. माझ्याबरोबर आत आलेल्या धुरातल्या काजळीला ही सोय नाही, ती राहील. जाता जाता एवढंच सांगतो: दोष या आईला देऊ नका. उद्या गाडीची किल्ली उचलताना मात्र माझी आठवण काढा.

आई पिटूच्या उशाशी बसली. "पिटू, चुकलं गं माझं. थंडीत हवा सकाळी रजईत असते. दुपारी उठते." आणि पोर आता काय विचारेल, या धास्तीने तिच्याकडे बघत राहिली.

पिटू खोकली, रजई डोक्यावरून ओढून घेतली आणि आतून म्हणाली, "मग मलापण दुपारीच उठव."