दाबाच्या रकान्यातलं शून्य

मल्लेश्वरमच्या त्या कचेरीत मैसूरपाकाचा डबा उघडून ठेवला होता, पण त्याला हात लावायचं भान कुणाला होतं? सगळ्यांचे डोळे पडद्याला चिकटलेले. तिकडे भर समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर नंदकिशोर आणि त्याची माणसं एका तेलविहिरीचं तोंड उघडायला बोल्ट सोडवायचे पाने घेऊन उभी होती. विहीर बंद आहे की आत दाब धरून वाहती, हे विहिरीवरच्या मापकाचे आकडे वाचून सुखदाच्या चमूचा प्रोग्राम सांगणार होता. पहिलाच दिवस. एरवी माणसं हाताने काटा लावून दाब मोजत. ती खटपट वाचवायची, हीच तर या चमूने विकलेली सोय!

प्रोग्राम शिकला होता तो एका निवृत्त तेलक्षेत्रावर. उत्तरेकडच्या थंड समुद्रातलं ते क्षेत्र आटलं, तेव्हा मालकांनी भूगर्भातले थर, विहिरीविहिरीचा रोजचा दाब, रोजचं तेल, सगळी माहिती जगासाठी खुली केली. कीर्तनानंतर प्रसाद वाटावा तशी, आला-गेला न बघता.

पडद्यावर अक्षरं उमटली: 'दाब शून्य. विहीर बंद.'

"सरी!" चमूचा प्रमुख यशोवर्धन म्हणाला. त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या इथलंच, कानडी. "ठीक आहे, सांग त्यांना, उघडा म्हणावं."

सुखदाचा हात फोनवर गेला आणि थबकला. अगदी शून्य? तिने जुन्या क्षेत्राचे रकाने उघडले. एका दिवशी दाब शून्य, आणि शेजारच्याच रकान्यात पिंपंच्या पिंपं तेल. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अण्णा, हे बघा. दाबच नाही, तर तेल वर आलं कसं?"

"स्वल्प थांब." यशोवर्धन वाकून बघू लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "रकान्यातली ही घरं रिकामी होती. मापक बिघडला असेल. रिकामं घर प्रोग्रामला चालेना, म्हणून मीच शून्यं भरली."

"म्हणजे मापक मेला की विहीर बंद समजायची, हेच शिकवलं की आपण त्याला!"

"पण आज तिथला मापक बिघडलाय कशावरून? पहिल्याच दिवशी आपल्या तोंडाने 'चुकलं' म्हणायचं काय, कीर्तनवाली?"

"रविवारी माझ्याबरोबर कीर्तनाला आलात, बुवा अभंगाच्या मध्येच डोळे मिटून थांबले, तेव्हा संपलं समजून चपला शोधायला कोण उठलं होतं? अख्खा सभामंडप हसला. बुवा नुसता श्वास घेत होते, अण्णा. ही विहीरही गप्प आहे. संपलेली नाही."

तेवढ्यात फोनच वाजला. पलीकडे नंदकिशोर. "मॅडम, उत्तर दिसलं आम्हाला. बोल्ट सैल करायला घेतोय."

यशोवर्धनने फोन हिसकावला. "थांबा! हात लावू नका. आमचं चुकलंय. आधी काटा लावा."

"आता काटा? मग तुमची सोय काय आरतीला ठेवायची, साहेब?"

"लावा हो. पाया पडतो तुमच्या."

फोनमध्ये नुसता वारा घोंघावत राहिला. लोखंडावर लोखंड आपटलं. सुखदाच्या ओठांवर विठ्ठलाचं नाव आलं ते तिथेच राहिलं.

"साहेब..." नंदकिशोरच्या आवाजातली थट्टा पार विरली होती. "काटा टोकाला जाऊन भिडलाय. ए, मागे व्हा सगळे! पाने टाका खाली!"

मग पुन्हा तो वारा. कुणीतरी सुटकेचा श्वास सोडून डब्याकडे हात नेला. यशोवर्धनने डोळ्यांनीच त्याला थोपवलं. "माणसं सुखरूप आत आली, साहेब," हे शब्द ऐकू येईपर्यंत त्याने फोन कानापासून हलवला नाही.